इंग्रजी घरगुती जेवणासाठी नाशिकचा बाजार: काय घ्यावं, काय सोडावं

नोकरीनिमित्त सातपूर-अंबडला आलेलं इंग्लंडचं कुटुंब असो, की लीड्स-मँचेस्टरला शिकून परतलेली आपली मंडळी, नाशिकमध्ये इंग्रजी पद्धतीचं घरचं जेवण करायचं ठरलं की पहिली धाव कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या दुकानांतल्या परदेशी डब्या-बाटल्यांकडे असते. पैसे भरपूर जातात आणि शेपर्ड्स पाय (मटणाच्या खिम्यावर कुस्करलेला बटाटा पसरून भाजलेला पदार्थ) तरी मिळमिळीतच होतो. कारण या स्वयंपाकाची चव बाटलीतून येत नाही. ती येते बटाट्यातून, लोणी-चरबीतून आणि ओव्हनच्या धगीतून, आणि हे तिन्ही इथेच, नीट पारखून घ्यावं लागतं. म्हणून हे परीक्षण एका दुकानाचं नाही, या जेवणासाठी नाशिकमध्ये मिळणाऱ्या सामानाचं आहे.

बटाट्यात सगळ्यात जास्त फसगत होते. ब्रिटनमध्ये मॅश (कुस्करलेला बटाटा), चिप्स (वेफर नव्हे, बोटाएवढे जाड तळलेले तुकडे) आणि रोस्टसाठी (ओव्हनमध्ये भाजलेल्या फोडी) मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड वापरतात. दोन्ही पिठूळ, स्टार्च जास्त आणि पाणी कमी. आपल्याकडे बऱ्याचदा ढिगात पुखराज असतो. तो रश्शाला उत्तम, शिजून फुटत नाही, पण त्याचा मॅश चिकट होतो आणि चिप्स आतून ओल्या राहतात. ज्योती त्याहून बरा, आणि चिप्सोना मिळाला तर दुसरं काही बघायलाच नको. विक्रेत्याला जातीचं नाव माहीत असेलच असं नाही, पण ‘वेफरचा बटाटा’ म्हटलं की त्याला नेमकं कळतं. वाळवणाच्या दिवसांत घरोघरी निवडून घेतात तोच. तरीही खात्री हवी असेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवायचं आणि त्यात बटाटा सोडायचा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर भाजीला ठेवायचा.

दुसरा घोळ कोल्ड स्टोरेजचा. २ ते ४ अंशांत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा तळला की आत शिजायच्या आधीच बाहेरून तपकिरी पडतो, आणि चवीला गोडसर लागतो. उपाय आहे, पण सबुरीचा: बटाटे घरी कोरड्या, अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे पसरून ठेवायचे, बरीचशी साखर परत स्टार्चमध्ये जाते. त्याच कारणासाठी तळायचे बटाटे घरच्या फ्रिजमध्ये कधीही ठेवू नयेत.

मॅशसाठी कुकरमध्ये पाण्यात बुडवून शिट्ट्या काढल्या तर बटाटा पाणी पितो आणि मग कितीही लोणी घाला, चव येत नाही. सोलून मोठ्या फोडी करायच्या, थंड मिठाच्या पाण्यात टाकून उकळायच्या, निथळून पुन्हा मंद आचेवर दोन मिनिटं हलवायच्या. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरू लागला की बटाटा कोरडा झाला. आता त्याला पुरणयंत्रातून काढायचं. परदेशी पोटॅटो रायसरवर पैसे घालवायची अजिबात गरज नाही, पुरणयंत्राची बारीक जाळी तेच काम करते आणि टिकतेही जास्त. मिक्सर मात्र वर्ज्य. पात्याने स्टार्चचे कण फुटतात आणि खळ तयार होते. ९०० ग्रॅम बटाट्याला ७५ ग्रॅम लोणी आधी घालून मिसळायचं, मग ५०-६० मिली गरम दूध. क्रम उलटा झाला तर मॅश जड होतो. बाजारातलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, हे धरूनच मीठ घालावं.

आता ओव्हन. इंग्रजी जेवणातल्या निम्म्या गोष्टी २०० अंशांच्या वर भाजल्या जातात. अनेक कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह २०० अंशांपाशी अडखळतात, एअर फ्रायर चिप्सपुरता ठीक. घ्यायचाच तर ३० लिटरच्या वरचा आणि २५० अंशांपर्यंत जाणारा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घ्यावा. १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो, त्यामुळे टीव्ही-मोबाइलच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो लावू नये. गिझर किंवा एसीसारखा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, १०-२० अंशांचा फरक नेहमीचा. आत टांगायचा ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि या सगळ्या यादीत सर्वांत जास्त उपयोगाची तीच वस्तू आहे. पातळ पत्र्यामुळे दार उघडलं की धग पळून जाते, म्हणून खालच्या जाळीवर एक जाड बिडाचा तवा कायम ठेवावा आणि २५ मिनिटं आधी ओव्हन तापवावा. तवा धग धरून ठेवतो.

यॉर्कशर पुडिंगमध्ये (हे गोड नसतं, मैदा-अंड्याचं फुगलेलं खारं पुडिंग) ओटीजीची खरी परीक्षा होते. फोडलेली अंडी १०० ग्रॅम, म्हणजे इथली साधारण दोन, मैदा ७० ग्रॅम, दूध ७० मिली, पाणी ३० मिली, चिमूटभर मीठ. पाणी मुद्दाम घालायचं, कारण म्हशीचं दूध ब्रिटनमधल्या दुधापेक्षा बरंच दाट असतं आणि नुसतं तेच घातलं तर पुडिंग बसकं होतं. पीठ अर्धा तास मुरू द्यायचं. सहा खळ्यांच्या मफिन साच्यात प्रत्येकी एक चमचा साजूक तूप किंवा रिफाइंड तेल घालून साचा २३० अंशांवर दहा मिनिटं तापवायचा. तिकडे गाईची चरबी वापरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे आणि तुपाने काम उत्तम होतं. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचा वास सगळ्यावर चढतो. पीठ ओतताना ‘चर्र’ झालं पाहिजे. आवाज आला नाही तर तूप तापलेलं नाही, पुडिंग फुगणार नाही, तेव्हा थांबून साचा परत आत ठेवावा. वरची कॉइल बंद, फक्त खालची, २० मिनिटं, दार उघडायचं नाही. मग पाच मिनिटं दोन्ही कॉइल. वरची कॉइल सुरुवातीपासून चालू राहिली तर माथा आधीच कडक होतो आणि वाढ खुंटते.

मफिन साचा नसेल तर ॲल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या छोट्या वाट्या चालतात. पण भांडी बाजारातून हौसेनं घेतलेली तांब्या-पितळेची कल्हईची वाटी या ओव्हनमध्ये चुकूनही घालू नये. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. ओटीजीचा काटा थोडा जरी पुढे सरकला तरी कल्हई तुपात उतरेल.

शेपर्ड्स पाय नाशिकमध्ये इतका छान जमतो त्याचं कारण तो मुळातच मेंढीच्या मांसाचा पदार्थ आहे. गोमांसाचा असतो तो कॉटेज पाय. आपल्याकडचं बोकडाचं मटण मेंढीपेक्षा कमी चरबीचं आणि चिवट, त्यामुळे इंग्रजी पाककृतीत लिहिलेली वीस-पंचवीस मिनिटं इथे पुरत नाहीत. मटणवाल्याला खांद्याचा खिमा, जाडसर, एकदाच फिरवलेला मागावा आणि अर्धा किलोत ५० ग्रॅम चरबी घालायला सांगावी. खिमा थोडा थोडा, दोन-तीन भागांत, रुंद कढईत, मोठ्या आचेवर परतायचा. एकदम सगळा टाकला तर तो पाणी सोडून उकडतो आणि रंगच येत नाही. मग २ कांदे, २ केशरी गाजरं, १ मोठा चमचा मैदा, १ मोठा चमचा टोमॅटो प्युरी, दीड चमचा वूस्टर सॉस (आंबट-खारट काळा सॉस), अर्धा लिटर नळीच्या हाडांचा सूप, थोडं थाइम (एक सुगंधी पाला). झाकण ठेवून मंद आचेवर ४५ मिनिटं. हिवाळ्यातलं लाल गाजर नको, ते रस्सा गोड आणि लालभडक करतं. गरम मसाला घालायचा मोह आवरावा, जायपत्रीची एक पाकळी चालेल. खिमा पूर्ण गार झाल्यावरच वर मॅश पसरायचा, नाहीतर मॅश खाली बुडतो आणि सगळं एकजीव होऊन जातं. काट्याने रेघा ओढून २०० अंशांवर २५-३० मिनिटं. शाकाहारी घरात खिम्याच्या जागी अख्खा मसूर, अर्धवट ठेचून. सोयाच्या दाण्यांपेक्षा त्याला कितीतरी जास्त चव आहे.

ग्रेव्हीसाठी परदेशी पावडर आणू नये. त्यात मुख्यतः स्टार्च, मीठ आणि रंग असतो, आणि कांद्याच्या जिल्ह्यात राहून ती विकत घेण्यात काही अर्थ नाही. फक्त कांदा कोणता ते बघावं. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा पाणीदार, तो परतताना बराच वेळ नुसतं पाणी आटवण्यात जातो. मार्च-एप्रिलला निघणारा, चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा घट्ट असतो, तो मंद आचेवर ४० मिनिटांत छान तांबूस होतो. चार कांदे, ३० ग्रॅम लोणी, शेवटी १ मोठा चमचा मैदा, ४०० मिली सूप, एक छोटा चमचा व्हिनेगर. सॉसेज-मॅशवर घालायला एवढं पुरे.

सॉसेजच्या बाबतीत मात्र नाशिकचा बाजार कमी पडतो. फ्रीझरमध्ये मिळतात ती बहुतेक आधीच शिजवलेली, रबरासारखी चिकन सॉसेजं. इंग्रजी सॉसेज कच्चं असतं, त्यात रस्क घातलेला असतो आणि तो मांसाचा रस धरून ठेवतो. त्यापेक्षा घरी बिनआवरणाची करावीत: अर्धा किलो चिकनच्या मांडीचा किंवा डुकराच्या मांसाचा खिमा, चहासोबत खातात त्या टोस्टचा ६० ग्रॅम चुरा (वेलचीचा टोस्ट सोडून), ७५ मिली बर्फाचं पाणी, ८ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा पांढरी मिरी, पाव चमचा जायपत्री, एक चमचा सुकं सेज (हाही सुगंधी पाला). खिमा थंड असतानाच मळायचा. कोमट झाला की चरबी वेगळी होते आणि सॉसेज तव्यावर सुकं पडतं.

एका बाबतीत नाशिक इंग्लंडपेक्षाही पुढे आहे, आणि ती म्हणजे साय. स्कोनबरोबर (चहासोबतचा छोटा, गोडसर पाव) खातात ते क्लॉटेड क्रीम डेव्हन-कॉर्नवॉलचं. कॉर्निश क्लॉटेड क्रीमला १९९८ पासून युरोपीय संरक्षित दर्जा आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. पाकिटातलं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही आटवलं तरी तसं होत नाही, आणि फेटूनही उभं राहत नाही. सुटं म्हशीचं दूध घ्यावं, दूध बाजारातून किंवा ओळखीच्या गोठ्यावरून. पिशवीचं घ्यायचं तर पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं नसावं, त्या दुधाला साय धरत नाही. दोन लिटर दूध रुंद, उथळ पातेल्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी न हलवता, तव्यावर पातेलं ठेवून, सगळ्यात बारीक आचेवर तीन तास. दूध उकळता कामा नये. ८०-८५ अंश, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे आणि मधे सुरकुतलेली पिवळसर साय. पातेलं तसंच गार करून पुन्हा रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी झाऱ्याने थर उचलायचा. साधारण वाटीभर निघते. खालचं दूध चहाला.

स्कोनसाठी सेल्फ रेझिंग मैदा शोधत फिरू नये. दर १०० ग्रॅम मैद्याला ५ ग्रॅम बेकिंग पावडर दोनदा चाळून घेतली की झालं. पावडर जुनी आहे का ते बघायला चमचाभर गरम पाण्यात टाकावी, लगेच फसफसली नाही तर फेकून द्यावी. २२५ ग्रॅम असं पीठ, ५५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर, १३० ते १५० मिली दूध. एप्रिल-मे महिन्यात नाशिकच्या स्वयंपाकघरात लोणी हातातच वितळतं, म्हणून ते फ्रीझरमध्ये कडक करून किसणीवर किसावं. पीठ अडीच सेंटिमीटर जाड थापायचं आणि धारदार कडेच्या साच्याने सरळ खाली दाबून कापायचं. वाटीची गोल कड पिठाच्या बाजू दाबून बंद करते, साचा पिळला तरी तेच होतं, आणि स्कोन तिरका फुगतो. २२० अंश, १२-१४ मिनिटं.

गोडाकडे वळू. कस्टर्ड पावडर ही आपल्याला फ्रूट कस्टर्डमुळे ओळखीची. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. म्हणजे बिनअंड्याचं कस्टर्ड ही आपली तडजोड नाही, ब्रिटनमध्येही घरोघरी तेच होतं. किराणा दुकानात मिळणारी कुठलीही भारतीय पावडर चालते, परदेशी डब्यात वेगळं काही नाही. फरक करण्यात आहे. क्रंबलवर (फळांवर मैदा-लोण्याचा चुरा पसरून भाजलेलं गोड) ते गरमागरम आणि ओतता येईल असं पातळ लागतं: ६०० मिली दुधाला २५ ग्रॅम पावडर, थोड्या थंड दुधात कालवून उकळत्या दुधात घालायची आणि पूर्ण एक मिनिट उकळू द्यायची. त्याआधी उतरवलं तर कच्च्या कॉर्नफ्लोरची चव राहते.

क्रंबलचं खरं सफरचंद ब्रॅम्ली, आंबट आणि शिजल्यावर विरघळणारं. ते इथे नाही. सिमल्याचं सफरचंद गोड आणि घट्ट. हिरवं ग्रॅनी स्मिथ महाग पडतं, पण उन्हाळ्यात त्याहून चांगला मार्ग आहे: ६०० ग्रॅम सफरचंदात १५० ग्रॅम कैरीच्या फोडी. इतर वेळी एका लिंबाचा रस. वर १८० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम साखर, मूठभर ओट्स. १९० अंशांवर ४० मिनिटं.

स्टिकी टॉफी पुडिंगला काळी मस्कोवाडो साखर सांगतात. इथे गूळ आणि काकवी हाताशी असताना ती मागवू नये. २०० ग्रॅम बिनबियांचा खजूर, २०० मिली उकळतं पाणी, १ छोटा चमचा खायचा सोडा; गार झाल्यावर ८५ ग्रॅम लोणी, १४० ग्रॅम किसलेला गूळ, २ अंडी आणि स्कोनसाठी सांगितलेलं बेकिंग पावडरचं १७५ ग्रॅम पीठ. १८० अंशांवर ३५ मिनिटं. सॉस फाटतो तो गुळामुळे, कारण गूळ आंबट असला की उकळत्या दुधा-क्रीमला नासवतो. १०० ग्रॅम गूळ, ७५ ग्रॅम लोणी आणि २ चमचे पाणी आधी वितळवून गाळून घ्यायचं, त्यात चिमूटभर सोडा टाकायचा, आच बंद करायची आणि कोमट झाल्यावर २०० मिली क्रीम घालायचं. काकवी घालायची तर एक चमचा पुरे. मात्र ट्रीकल टार्टला काकवी चालत नाही, तिची चव फार उग्र. तिथे गोल्डन सिरपचा (साखरेचा सोनेरी पाक) डबा विकत घेणंच बरोबर. वाफवलेल्या पुडिंगला मोदकपात्र उत्तम. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, म्हणून दीड तासाच्या पुडिंगला दहा मिनिटं जास्त द्यावीत.

बाटल्यांपैकी खरोखर घेण्यासारखा एक वूस्टर सॉस. मूळ सॉसमध्ये अँचोव्ही मासळी आणि चिंच दोन्ही असतात. इथे बनणारे काही सॉस शाकाहारी असतात, ते लेबलवर बघून ठरवावं; मूळ बाटली महाग, पण महिनोन्‌महिने पुरते. मार्माइट (यीस्टच्या अर्काचा खारट, पावाला लावायचा लेप) आवडत असेल तर घ्यावं, ते घरी होत नाही. इंग्लिश मस्टर्ड मात्र अजिबात घेऊ नये. लोणच्यासाठी मिळते ती मोहरीची डाळ बारीक दळून, थंड पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की नाकात झिणझिण्या आणणारा तोच तिखटपणा येतो. पाणी गरम घेतलं तर तिखटपणा तयारच होत नाही. वेल्श रॅरबिटला (टोस्टवर वितळवलेलं चीज) आणि फ्लॉवर-चीजला चेडर हवं. प्रोसेस्ड चीज वितळतं छान, पण चव सपाट, तेव्हा निम्मं-निम्मं घ्यावं. आयात मालावर आयातदाराचं नाव, एफएसएसएआय क्रमांक आणि मुदतीची तारीख बघूनच पैसे द्यावेत. कमी खपाचा माल फळीवर फार दिवस राहतो.

मासे मुंबईहून येतात, त्यामुळे फिश अँड चिप्स करायचे त्याच दिवशी घ्यावेत. गोठवलेला बासा स्वस्त पण पाणचट, त्याचं आवरण सुटतं. रावस किंवा जिताडा घ्यावा, कातडी-काटे काढून, दीड-दोन सेंटिमीटर जाड. सुरमई चवीला छान, पण तिच्या तुकड्यांत मधला काटा असतो आणि पापुद्रे सुटत नाहीत. १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तांदळाचं पीठ, १ चमचा बेकिंग पावडर, मीठ आणि २०० मिली बर्फगार बिअर किंवा सोडा, तळायच्या क्षणीच मिसळायचं. मासा आधी टिपून कोरड्या मैद्यात घोळवायचा. तेल १८० अंश, एका वेळी दोनच तुकडे. चिप्स बोटाएवढ्या जाड, आधी १४० अंशांवर सहा मिनिटं, गार करून मासा तळून झाल्यावर १९० वर तीन मिनिटं. सोबतचे मशी पीज म्हणजे सुका हिरवा वाटाणा: २५० ग्रॅम, १ छोटा चमचा खायचा सोडा घालून रात्रभर भिजत, मग पाणी बदलून उघड्या पातेल्यात ४० मिनिटं, कुकरमध्ये नको, तिथे पाणी होतं. वरून घालायला माल्ट व्हिनेगर मिळालं नाही तर सफरचंदाचं घ्यावं. ‘सिंथेटिक’ लिहिलेलं पांढरं व्हिनेगर नुसतं घशाला झोंबतं.